खेळण्याजोगं युद्ध

“मावशी, एक चांगलं युद्ध सुचव ना,” भाची फोनवर म्हणाली, तेव्हा मावशींना आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी घोळ झाला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, ‘कारणे लिहा, परिणाम लिहा’ करत मुलांचं डोकं खाल्लं. पण चांगलं युद्ध कुठलं, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

भाचीची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे कॉम्प्युटरवरचे युद्धाचे गेम बनत. खेळणारा राजा होतो, सैन्य उभं करतो, डावपेच लढवतो. नव्या गेमसाठी कुठला काळ घ्यायचा, यावर सगळं घोडं अडलं होतं.

मावशी पुस्तकं घेऊन गेल्या. “ही लढाई बघा. राजाने शेजाऱ्याच्या निरोपाचा भलताच अर्थ लावला आणि...”

“घोडदळ होतं?” सेनापतीने विचारलं. सेनापती म्हणजे तिथला प्रोग्रामर. खुर्चीवरून न हलता सगळ्यांना कामाला लावायचा, म्हणून पडलेलं नाव.

“नव्हतं. डोंगराळ मुलूख.”

“मग मजा नाही.”

मावशींनी एक वेढा सांगितला. आतले उपासमारीने गेले, बाहेरचे तापाने.

“आणि खेळणारा काय करणार?”

“बसून राहणार,” मावशी म्हणाल्या. चित्रं काढणारी मुलगी फिसकन हसली.

तिसऱ्या लढाईत एकाच बाजूचं पारडं जड निघालं. “दोघांनाही जिंकता आलं पाहिजे,” भाची म्हणाली.

“अगं, पण तसं घडलंच नाही!”

“गेममध्ये घडेल ना.”

मावशी चक्रावल्या. घडलेलं पुसायचंच होतं, तर आपल्याला कशाला बोलावलं? तरी त्या जात राहिल्या. एकदा घरी वाचताना ‘हजारो माणसं कापली गेली’ या ओळीवर त्यांच्या मनात आलं, नकाशा मोठा लागेल. त्यांनी दचकून पुस्तक मिटलं.

मग एका सकाळी चित्रकार मुलीने उत्साहाने रणगाडे दाखवले. युद्ध अलीकडचं, मावशी कॉलेजात असतानाचं.

“हे नको,” मावशी म्हणाल्या.

“का? दोन्ही बाजू तोडीस तोड आहेत. नकाशाही झकास.”

खरंच होतं. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. “फार जवळचं आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“मग किती जुनं चालेल?” पोरीने अगदी साधेपणाने विचारलं.

भाचीच हळूच म्हणाली, “त्यात माझा मामा गेला. बंद कर ते.” मुलीचा चेहरा एवढासा झाला. मावशींनाच तिची समजूत काढावी लागली. पण मनात वेगळंच घोळत होतं: डोंगरातल्या त्या लढाईत मेलेल्यांना काय बहिणी नव्हत्या? ती तर आपण हौसेने सुचवली.

शेवटी एका नदीकाठची दोन राज्यं ठरली. इतकी जुनी, की त्यांची लिपीही कुणाला लागत नाही. “यांच्यासाठी रडायला कुणी उरलं नाही, मावशी,” सेनापती म्हणाला. त्याने धीर द्यायलाच म्हटलं होतं. मावशींनी मान डोलावली, पण पटलं की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

गेम तयार झाल्यावर पहिल्यांदा त्यांनाच खेळायला बसवलं. त्यांनी धान्याची कोठारं बांधली, कालवे खोदले. शेजाऱ्याने येऊन सगळं जाळलं.

“हल्ला करा ना!” सेनापती ओरडला.

“कशासाठी?”

“नाहीतर तो पुन्हा करेल!”

मावशींनी सैन्य सोडलं. समोरची रांग धडाधड कोसळली आणि त्यांच्याच तोंडून निघालं, “हाण!” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मावशीही हसल्या, मग आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

गेम बऱ्यापैकी चालला. पुढच्यासाठी भाचीने पुन्हा विचारलं, तेव्हा त्या हो म्हणाल्या. का म्हणाल्या, हे त्यांना आजही धड सांगता येत नाही.