सिस्टरचा काउंट

"मोजलं काय?"

एवढंच विचारायच्या, आणि विचारता विचारता त्यांचा अंगठा उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवरून फिरायला लागायचा. भाजीवाल्यानं लिंबं पिशवीत टाकली, मोजलं काय? लग्नाला निघालेलं बिऱ्हाड ऑटोत बसलं, मोजलं काय? एकदा माझी बायको आमच्या पोरांना शाळेच्या बसमध्ये चढवत होती. पोरं दोन. तरी गेटावरून आवाज आलाच.

"मोजले काय वं?"

"मोजले, सिस्टर."

"किती?"

"दोन."

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या, आणि मगच ड्रायव्हरनं बस हलवली. त्यालाही एव्हाना सवय झाली होती.

बेसा भागातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. तीसेक वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. तिथं ऑपरेशनच्या आधी कात्र्या, चिमटे, गॉजच्या घड्या मोजायच्या आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायच्या. आकडा जुळला की सिस्टरनं "काउंट बरोबर" म्हणायचं, तेव्हा कुठं डॉक्टर पोट बंद करणार. नोकरीतून त्या सुटल्या, पण काउंट काही सुटला नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, आठवून पाहा.

मार्च लागला की गल्लीतले कूलर सिस्टरकडे तपासायला. हिरवं कापड अंथरायचं, दवाखान्यात असते तसली वाकडी स्टीलची थाळी शेजारी ठेवायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या थाळीत. एकदा आमच्या समोरच्या रिटायर्ड तहसीलदारांच्या कूलरचा एक स्क्रू कमी भरला. सिस्टरनं सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. अर्धा तास आम्ही चौघं पुतळ्यासारखे उभे, उन्हात! शेवटी स्क्रू तहसीलदारांच्याच पायजम्याच्या घडीत सापडला. बिचारे गुन्हेगारासारखे दिसत होते.

आता माझ्या सायकलची गोष्ट. पन्नाशीत शुगर निघाली आणि ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं मी डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घेतली. दर रविवारी आम्ही शहराबाहेरच्या टेकडीवर चढायचो, दगडधोंड्यांतून उतरायचो आणि मग तर्री-पोहे. शुगर तिथंच होती, पण मजा यायची. एका रविवारी उतारावर माझं पुढचं चाक दगडावर आपटलं आणि मी हँडलवरून थेट मुरमात. पुढचा दात अर्धा गेला.

बायकोनं दाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आणखी एकदा पडलात, तर ही सायकल कबाड्याला. विचारणारही नाही." ती शांतपणे बोलते तेव्हा ते होतंच. म्हणजे माझं सगळं रविवारचं सुख आता एका उतारावर येऊन टेकलं होतं.

मित्र म्हणाले, तुझा पुढचा चिमटा बदल. चिमटा म्हणजे ज्या दोन दांड्यांत पुढचं चाक बसतं तो. त्यातच शॉकअप असतात. माझा चार बोटं दबायचा, मी सहा बोटं दबणारा मागवला. तो आला शुक्रवारी, आणि सीताबर्डीचा दुकानदार फोनवर म्हणाला, "सोमवारनंतर पाहू." रविवार तर परवावर आला होता.

सिस्टर कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "चिमटाच बदलवाचा आहे ना? उद्या दहा वाजता येते, भाऊ. तोपर्यंत पेशंटले हात लावू नका."

आता तुम्हीच सांगा, नवीन वस्तू घरात आल्यावर दहा वाजेपर्यंत कोणाला दम निघतो? आठलाच मी सायकल उलटीपालटी करून जुना चिमटा उपसून काढला. हँडलच्या मानेतले वायसर, बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या कड्या, झाकण, जे जे घरंगळलं ते एका ताटात जमा केलं. तेवढ्यात कबाडीवाला ओरडत आला. व्हरांडा मोकळा केला की बायको खूश होईल म्हणून जुना चिमटा त्याच्या ठेल्यावर टाकला. मी स्वतःवर फार खूश होतो.

सिस्टर एप्रन घालून, हिरवं कापड आणि हत्यारांची पेटी घेऊन आल्या. सायकल पाहून थबकल्या.

"कोणी उघडलं?"

"मीच. म्हटलं तुमचा वेळ वाचेल."

"मोजले होते काय?"

मी ताटाकडे पटकन नजर टाकली. "हो तर! आठ."

त्यांनी विश्वास ठेवला. फ्रेमवरून तीनदा माप घेऊन नव्या चिमट्याची लांब नळी कापली, कापलेली कड पोरीच्या गालावरून हात फिरवावा तशी बोटानं तपासली. चिमटा उंच असल्यानं सायकलची मान वर झाली आणि सीट मागं कलली. "बेडचं डोकं वर केलं का पेशंट खाली घसरते," असं म्हणत त्यांनी सीट पुढं सरकवून तिचं नाक खाली केलं. मग ताट रिकामं करत म्हणाल्या, "आठ निघाले, आठ गेले. काउंट बरोबर."

आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागंपुढं हलवली. खट्.

बोल्ट आवळला. पुन्हा खट्.

"नवीन आहे, बसेल हळूहळू," मी म्हणालो.

सिस्टर रागावल्या की 'भाऊ' जायचा आणि 'गा' यायचा. "खरंच मोजले होते काय गा? मी तुले विचारून राहिली."

माझी जीभ त्या अर्ध्या दातावर फिरली. "नाही. ताटात आठ दिसले, म्हणून आठ म्हटलं."

वाटलं, आता खरडपट्टी. पण त्या पायरीवर बसल्या. "मी बी एकदा असंच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "नवी होती नोकरीत. एक गॉज जुळून नव्हती राहिली, आणि डॉक्टर ओरडून राहिले होते, लवकर सांगा, लवकर सांगा. मी म्हटलं, बरोबर. चार महिन्यांनी ती बाई तापानं फणफणत परत आली. पुन्हा पोट उघडा लागलं."

"मग?"

"वाचली. जाताना मले पाहून हसली, गा. चांगली सेवा केली म्हणे. तिले कोणी काही सांगितलंच नव्हतं."

मला फार वाईट वाटलं, त्यांचं आणि माझंही. मग त्याच उठल्या. "जुना चिमटा आणा. एखादी कडी त्यालेच चिकटून असन."

"तो... कबाड्याला दिला."

"अरे बाप्पा! बह्याड आहेस काय गा तू?"

स्कूटर त्यांनी चालवली. मी मागं, त्यांच्या एप्रनचे बंद तोंडावर घेत. तिसऱ्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कडुलिंबाखाली कबाडीवाला डबा खात बसला होता. चिमटा ठेल्यावर फ्रिजच्या दाराखाली दबलेला. एप्रन पाहून तो उभाच राहिला.

"काय झालं जी, सिस्टर?"

"पेशंट टेबलावर उघडा पडला आहे. त्याचा एक भाग तुमच्या ठेल्यावर आहे."

त्याच्या हातातली पोळी डब्यात पडली. सायकलचं आहे हे कळेपर्यंत बिचारा ठेल्यापासून चार हात लांब सरकला होता. चिमट्याच्या नळीच्या तळाशी घट्ट बसलेली एक बारीकशी लोखंडी कडी होती. ती नसली तर खालचे छर्रे बसणार कशावर? सिस्टरनं पेचकस लावून सगळीकडून टक् टक् ठोकत ती सोडवली आणि उन्हात धरून पाहिली. "नऊ," त्या म्हणाल्या.

कडी बसवली. ब्रेक दाबून हलवलं. आवाज नाही.

रविवारी तो उतार मी उतरलो. तोच दगड आला, चिमटा खोल दबला, वर आला, आणि मी सायकलवरच होतो! खाली पोचल्यावर एकटाच मोठ्यानं हसलो. घरी आलो तर सिस्टर गेटात उभ्या. "दात मोजले काय?"

मी जीभ फिरवली. "साडेएकतीस. कालच्याइतकेच."

"बरोबर."

सायकल घरातच राहिली. सिस्टर मात्र राहिल्या नाहीत. गुडघे फार दुखायला लागले आणि मागच्या वर्षी मुलगी त्यांना रायपूरला घेऊन गेली. सामानाचा ट्रक आला, त्या दिवशी त्यांनी यादी माझ्या हातात दिली. प्रत्येक डागावर नंबर लिहिलेला, एकूण एक्केचाळीस. "तुम्ही मोजा, भाऊ."

मी मोजले, अगदी हात लावून. दोनदा मोजले. "सिस्टर, चाळीसच आहेत. एक कमी आहे." खोटं कशाला सांगू, खरं मोजल्याचा मला अभिमानच वाटला.

त्यांचा अंगठा पेरांवरून एकदा फिरला. "काउंट बरोबर," त्या म्हणाल्या. "बंद करा."

ट्रकचं फाळकं बंद झालं.

"अहो, पण एक—"

"मी म्हणून राहिली ना गा, बरोबर आहे म्हणून."

आणि त्या गाडीत बसल्या. गाडी वळेपर्यंत मी यादी धरून तसाच उभा. ज्या बाईनं एका स्क्रूपायी तहसीलदारांना उन्हात उभं केलं, तिनं चुकीचा काउंट पास केला? वय झालं, दुसरं काय, असं म्हणत मी घरी आलो.

व्हरांड्यात माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाला टेकून हत्यारांची पेटी ठेवलेली होती, हिरव्या कापडात बांधलेली. वर चिठ्ठी, नंबर एक्केचाळीस.

मी पायरीवर बसलो, कापड सोडलं. झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरात यादी होती. पाने, पेचकस, हातोडी, ती वाकडी थाळी. एकेक काढून मोजलं आणि एकेक परत ठेवलं.

"बारा," मी मोठ्यानं म्हणालो, आणि सवयीनं कुंपणापलीकडं बघत थांबलो.