टोपीवर बसला, विषय संपला

मागून तिला सगळे फौजदारबाई म्हणायचे आणि समोर ताई. मी दोन्ही म्हणायचे. धंद्याने ती शिंपीण. रस्त्याला लागून तिचा गाळा, पुढे मशीन, मागे पडदा, पडद्याआड आरसा. कापड घेऊन कोणी आलं की ती आधी त्या माणसाला नखशिखांत न्याहाळायची, मग कापडाला. "आटतं का हे?" असं विचारायची आणि उत्तर काहीही मिळालं तरी कापड पाण्यात भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही. जगाकडेही ती तशीच पाहायची.

तिचा धाकटा भाऊ बोलत नाही. जन्मापासून त्याची वाढ मागे पडली. आता त्याचे केस पिकायला लागलेत, तरी आंघोळीपासून चपलेपर्यंत सगळं ताईच करायची. हात मागे बांधून, मान ताठ ठेवून तो असा काही चालतो की केंद्रात त्याला साहेब हेच नाव पडलं. ताई त्याला बाळ म्हणते. ताईच्या लग्नाचं बोलायला आलेल्या एका गृहस्थांनी "पण यांचं पुढे काय करायचं?" असं विचारलं, तेव्हा तिने त्यांचा चहा संपण्याचीही वाट न पाहता त्यांना दार दाखवलं. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही आणि कोणाला काढूही दिला नाही.

केंद्र म्हणजे साहेबांसारख्या मोठ्या माणसांसाठी दिवसभराची जागा. तिथे कागदी पिशव्या करायच्या, रोपं लावायची, जेवायचं, संध्याकाळी घरी यायचं. माझी लेकही तिथेच जाते. साहेबांच्या वाट्याचं बोलणंही तिलाच मिळालंय, त्यामुळे तिला आम्ही बातमीदार म्हणतो. तिच्या बातम्या मी भाजी चिरता चिरता ऐकते, म्हणजे ऐकत नाही.

फौजदारबाई हे नाव ताईला फुकट मिळालेलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका दुपारी ती न कळवता केंद्रात गेली. जेवणानंतर सगळ्यांना एका खोलीत झोपवलेलं, दाराला बाहेरून कडी, आणि मदतनीस बायका अंगणात गप्पा मारत बसलेल्या. आत कोणीतरी दार वाजवत होतं. ताईने कडी काढली, मशीन दुरुस्त करायचा पेचकस तिच्या पिशवीत असायचाच, त्याने ती कडी मुळासकट उखडली आणि नेऊन कार्यालयाच्या टेबलावर ठेवली. तेव्हापासून पालकांच्या समितीवर दुसरं कोणी अध्यक्ष झालं नाही. उभं राहायची कोणाची छातीच झाली नाही.

कडीपेक्षा मोठं काम तिने पुढे केलं. बोलता न येणाऱ्या माणसालाही 'नाही' म्हणता येतं आणि ते 'नाही' पाळलंच पाहिजे, हे तिने केंद्राच्या गळी उतरवलं. प्रत्येकाची खूण तिने शोधून काढायला लावली. कोणी भिंतीकडे तोंड करतं, कोणी ताट सरकवतं. साहेब डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवतात आणि तिच्यावर बसतात. साहेब टोपीवर बसले की मग डॉक्टर असो, पाहुणा असो, नाहीतर फोटो काढायला आलेला दाता असो, पुढे आग्रह करायचा नाही. "टोपीवर बसला, विषय संपला," असं ताई बजावायची. ते वाक्य केंद्रात इतकं रुळलं की मदतनीस आपापसातल्या भांडणातही वापरू लागल्या.

मग नवे संचालक आले. गोड बोलणारे, हळू चालणारे, रबरी तळव्यांचे बूट घालणारे. ज्या माणसाच्या पावलांचा आवाज होत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि ताईचा तर पाय आपटत येणाऱ्यांवरही बसत नसे. या संचालकांनी केंद्राच्या मागच्या गल्लीत एक घर भाड्याने घेतलं. चार जणांनी तिथे आपलं आपण राहायचं, सोबतीला एक मदतनीस बाई. राहायला जायच्या आधी दुपारी थोडा थोडा वेळ तिथे जाऊन सवय करायची. कोणाला जायचंय ते त्या त्या माणसाने स्वतः ठरवायचं, असं ते म्हणाले. आम्हा पालकांना ते पटेना. आम्ही जिवंत असताना आमच्या मुलांना घर कशाला हवं?

साहेबांनी जायचं ठरवलंय, असं संचालकांनी ताईला सांगितलं तेव्हा ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. बोलता न येणारा माणूस ठरवतो कसा, असं तिने विचारलं. फोटो दाखवले, त्यांनी त्या घराचा फोटो उचलून खिशात घातला, असं उत्तर आलं. खिशात तो गोळ्यांचे कागदही घालतो, असं म्हणून ती उठली. घरी येताना मला म्हणाली, "काहीतरी शिजतंय गं. माझं मन सांगतंय."

साहेब दुपारी त्या घरात जाऊ लागले आणि त्याच सुमाराला शर्टाचं प्रकरण झालं. साहेबांचे शर्ट ताई स्वतः शिवायची आणि त्यात तिने एक युक्ती केली होती. साहेबांच्या बोटांना बटण लावणं जमत नाही, म्हणून बटणपट्टीच्या आत दाबून लागणारी टिचबटणं, आणि वर दिसायला खरी बटणं नुसती टाचलेली, काजंसुद्धा शिवून बंद केलेली. बघणाऱ्याला वाटावं चारचौघांसारखा शर्ट आहे. तिला त्या युक्तीचा फार अभिमान होता. एका संध्याकाळी साहेब घरी आले तेव्हा वरची दोन बटणं तुटलेली होती आणि तिथलं कापड फाटलं होतं.

ताई तो शर्ट घेऊन माझ्याकडे आली. फाटलेली जागा तिने उजेडासमोर धरली आणि बोटाने दाखवली. हे बटण गळून पडलेलं नाही, कोणीतरी ओढलंय, जोर लावून ओढलंय, असं ती म्हणाली. कापडातलं तिला कळतं.  कोणी त्याची गचांडी धरली असेल? बोलता न येणाऱ्या माणसाला मारलं तर सांगणार कोण? माझी लेक ताईला मावशी आणि साहेबांना मामा म्हणते; ती मध्येच म्हणाली, "मामांनीच ओढलं. मावशीची बटणं खोटी आहेत म्हणून मामा चिडतात." मी तिला म्हटलं, तू गप्प बस जरा, मोठी माणसं बोलतायत. मोठी माणसं म्हणजे आम्ही दोघी. लेकीचं वय तेव्हा सहज तिशीचं होतं.

पुढच्या दिवसांत ताईने डोळ्यांत तेल घालून पाहणी केली. साहेबांच्या शर्टाला वेगळ्या साबणाचा वास येत होता. त्यांच्या बोटांच्या टोकांना लाल वळ होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ते ताईच्या घरी रोज टोपीवर बसू लागले. सकाळी ती कपडे घालायला आली की टोपी जमिनीवर. संध्याकाळी शर्ट बदलायला आली की टोपी जमिनीवर. केंद्रातल्या वीस माणसांना ज्या खुणेचा अर्थ तिने शिकवला, ती खूण तिच्यासमोर रोज होत होती, आणि तिला त्यात एकच अर्थ दिसत होता: तिथे त्याचा छळ होतोय आणि तो मला सांगतोय. मलाही तेच दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

तिने साहेबांना केंद्रात पाठवणं बंद केलं. दिवसभर ते गाळ्यात, पडद्याआड, आरशासमोर टोपीवर बसून राहायचे. जेवायला उठायचे आणि परत बसायचे. तिने समितीची सभा बोलावली. ते घर बंद करायचं, संचालकांना घालवायचं, आणि कोणी आडवं आलं तर वर तक्रार करायची, असा ठराव तिने घराघरांत फिरून आधीच पक्का केला. सगळे पालक तिच्या बाजूने होते. ठराव झाला असता तर ते घर कायमचं गेलं असतं, हे मला माहीत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

सभेच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, पुरावा बघून घेऊ, त्या घरी न सांगता जाऊ. तिने साहेबांना बरोबर घेतलं. तिथे नेल्यावर तो घाबरतो का, कोणाला बघून घाबरतो, ते तिला पाहायचं होतं. माझी लेक बोलावल्याशिवाय निघाली. मागच्या गल्लीत शिरल्यावर ताईने तिला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. मला आपण चोर पकडायला निघालोय असंच वाटत होतं.

दार वाजवायच्या आधीच साहेबांनी तिचा हात सोडला. दार त्यांनी स्वतः वाजवलं. मदतनीस बाईंनी दार उघडलं आणि त्या नुसत्या बाजूला झाल्या. मागे स्वयंपाकघरात संचालक नळ दुरुस्त करत वाकले होते, बाह्या वर केलेल्या, पायांत बूट नाहीत.

साहेब कोणाकडेही न बघता आतल्या खोलीत गेले. तिथे खुंटीवर एक जुना निळा शर्ट टांगलेला होता, त्याच वेगळ्या साबणाच्या वासाचा. त्यांनी तो काढला, पलंगावर पसरला. मग अंगातल्या ताईने शिवलेल्या शर्टाची टिचबटणं एका हिसक्यात उघडली, तो काढून खाली टाकला, निळा शर्ट चढवला आणि पहिलं बटण धरलं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बोटं घसरायची, त्यांची टोकं लाल व्हायची, बटण काजाच्या तोंडाशी येऊन परत फिरायचं. मदतनीस बाई स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ताईने डोळ्यांनीच त्यांना विचारलं, बघत काय बसलात? त्या हळूच म्हणाल्या, "हात मोकळे असले की लावून द्यावंसं वाटतं. त्यांना आवडत नाही." एक बटण लागलं. मग दुसरं. साहेबांच्या तोंडातून घोगरा आवाज आला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. माझी लेक म्हणाली, "हसतायत मामा."

शेवटचं बटण लागलं तेव्हा दिसलं की एक काज चुकलंय. शर्टाची एक बाजू वर, एक खाली. ताई पुढे झाली. जन्मभराची सवय, तिचे हात तिच्याआधी पोचले. तिने वरचं बटण सोडवलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, तिच्या पायांशी जमिनीवर ठेवली आणि ते टोपीवर बसले.

  ताई तशीच वाकलेली, हात पुढे. मग ती सरळ झाली आणि सगळा राग तिने संचालकांवर काढला.

"मला का नाही सांगितलं तुम्ही? मी बहीण आहे त्याची."

"सांगणार होतो, ताई," ते म्हणाले. "बहिणीला बोलावू का, दाखवू का, असं त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा टोपीवर बसले."

ते गोड बोलले असते तर तिने त्यांना फाडून खाल्लं असतं. पण त्यांचा आवाज साधा होता, आणि नियम तिचाच होता. ती वळली. जाताना खाली पडलेला आपला शर्ट तेवढा तिने उचलला.

संध्याकाळच्या सभेला सगळे पालक तयारीत आले होते. ताई उभी राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिने सांगितलं की ठराव मागे घेतलाय. कुजबुज झाली. कोणीतरी मागून विचारलं, बटणं फाडली होती त्याचं काय, तुम्हीच म्हणालात तो रोज टोपीवर बसतो.

"बसतो," ती म्हणाली. "मला नाही म्हणतो. मी सोडून सगळ्यांनी त्याचं ते 'नाही' पाळलं."

एवढं बोलून ती बसली. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. काही जणांना तिने दगा दिला असं वाटलं, आणि घरी जाताना तसं ते बोललेही.

साहेब त्या घरात राहायला गेले. फौजदारबाई बदलली असं मात्र कोणी समजू नये. अजूनही ती अवेळी मागच्या गल्लीत जाते, पिठाचे डबे उघडून वास घेते, दारांना बाहेरून कड्या नाहीत ना ते बघते. संचालकांच्या बुटांबद्दल आम्हा दोघींचं मत आहे तेच आहे. फक्त साहेबांच्या खोलीचं दार ती वाजवते आणि ते उघडेपर्यंत बाहेर थांबते. कधी कधी ते बराच वेळ उघडत नाहीत.

गाळ्यात तिने त्यांचे सगळे शर्ट उसवले, टिचबटणं काढली आणि काजं मोकळी केली. परवा ते तिला भेटायला आले होते, एकटे, गल्लीच्या तोंडापर्यंत मदतनीस बाई मागे. मी तिथेच बसले होते. शर्टाची एक बाजू वर, एक खाली. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, ये म्हणाली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून स्टुलावर बसली. टोपी साहेबांच्या डोक्यावरच होती. ती पूर्ण वेळ टोपीकडे बघत होती आणि मी तिच्या हातांकडे.