सव्वीस तासांचा धवला

जगातील प्रत्येक गोष्टीला लांबी असते आणि ती आपल्याला नेहमी चुकीचीच सांगितली जाते, अशी ज्याची अढळ श्रद्धा आहे असा एकच मनुष्य मी आजवर पाहिला. आणि दैवयोगाने ते माझ्या मुलीचे सासरे आहेत. व्याही आणि विहीण हे नाते मुळातच अवघड. त्यात एकमेकांचा मान राखायचा असतो, वर्षातून चार वेळा भेटायचे असते आणि उरलेला काळ एकमेकांविषयी चांगले बोलायचे असते. माझ्यासारख्या भिडस्त बाईला हे फार सोयीचे वाटले होते. परंतु आमचे व्याही वर्षातून चार वेळा येत नाहीत. ते दर बुधवारी येतात, बाळकुमहून डोंबिवलीला, हातात स्टीलचा डबा घेऊन.

पहिल्यांदा तो डबा त्यांनी माझ्या हाती दिला आणि "जपून ठेवा, विहीणबाई, गरम जागी ठेवू नका" एवढे बोलून ते पाय धुवायला गेले. त्यांचे घराणे खाडीकाठच्या मासेमारांचे. आत पापलेट असणार, असे गृहीत धरून मी डबा तत्परतेने फ्रीजमध्ये ठेवला. ते बाहेर आले, त्यांनी टेबलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला स्पष्ट दिसला. डब्यात, पंच्यात गुंडाळलेली, संगणकाची हार्ड डिस्क होती. तिच्यावर त्यांनी टीव्हीवरून उतरवून घेतलेली शेकडो रेकॉर्डिंगे होती. त्या दिवशी आम्ही दोघे ती डिस्क खोलीच्या उबेला येईपर्यंत, आजारी मुलाच्या उशाशी बसावे तसे, तासभर बसून होतो.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रथम माउस हातात धरला. संगणकाच्या वर्गात मी सर्वांत मागे बसत असे आणि शंका घरी येऊन मनातल्या मनात विचारत असे. व्याह्यांना माझ्या या अर्धवट विद्येचा सुगावा लागला, आणि "पेपर तपासलेल्या बाईची नजर पक्की असते" या एकाच निकषावर त्यांनी मला मदतनीस नेमले. नाही म्हणणे मला कधी जमले नाही. काम एकच: प्रत्येक रेकॉर्डिंगची खरी लांबी काढणे.

आता कुणीही विचारील, की लांबी तर संगणक स्वतःच दाखवतो. मीही विचारले होते. त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तो बुधवार संपला. त्यांनी सांगितले त्यातले मला उमगले ते असे. संगणक कधी फाइलच्या वजनावरून लांबीचा अंदाज बांधतो. परंतु धावपळीची दृश्ये जड असतात आणि वृत्तनिवेदकाचा स्थिर चेहरा हलका असतो, म्हणून तो अंदाज फसतो. कधी तो रेकॉर्डिंगमधल्या घड्याळावर विसंबतो. टीव्हीच्या प्रवाहात चित्रांबरोबर एक घड्याळही वाहत येते. ते साडेसव्वीस तास चालते आणि पुन्हा शून्यावर येते. नेमके त्या वेळी रेकॉर्डिंग चालू असेल, तर संगणकाची वजाबाकी उलटी पडते आणि अर्ध्या तासाचा कार्यक्रम तो बेधडक सव्वीस तासांचा म्हणून सांगतो. "म्हणून घड्याळावर जायचं नाही," व्याही म्हणाले, "चित्रं मोजायची. सेकंदाला पंचवीस. भागिले पंचवीस केलं की सत्य." चित्रे मोजणारा एक छोटा प्रोग्राम जावईबापूंनी त्यांना घालून दिला होता. तो आकडा सांगे, मी कागदावर भागाकार करी, आणि व्याही वहीत उत्तर लिहीत. पाककृतींचे कार्यक्रम, कीर्तने, कुस्तीचे आखाडे, कुणा अनोळखी गावाच्या जत्रा. त्यांतले एकही त्यांनी पुन्हा पाहिल्याचे मला स्मरत नाही.

वेळेचा हा सोस त्यांना नोकरीने लावला असावा. उभी हयात त्यांनी वर्तकनगरातल्या वसाहतींना पाणी सोडले. पहाटे लांब दांड्याची चावी घेऊन रस्त्यावरच्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि ठरल्या मिनिटाला बंद करायचा. "दोन मिनिटं उशिरा उघडलं की चाळीस बायकांच्या शिव्या," ते सांगत, "आणि दोन मिनिटं उशिरा बंद केलं की पुढच्या चाळीत दुसऱ्या चाळीस बायकांच्या." निवृत्त झाल्यावर त्यांना शिव्या देणारे कुणी उरले नाही, मला वाटते, तेच त्यांना सोसले नाही.

मात्र या काटेकोर माणसाची एक सवय मला कोड्यात टाकी. कोणत्याही रेकॉर्डिंगच्या मागे-पुढे ते पाच-पाच मिनिटे जास्तीची ठेवत. ही पाच मिनिटे त्यांनी आयुष्यातही आणली होती. ते पाच मिनिटे आधी येत आणि बेल न वाजवता जिन्यात उभे राहत. जाताना "येतो" म्हणून चपला घालत आणि पाच मिनिटे दारात उभे राहत. आम्ही दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना, बोलण्यासारखे काही नसताना, एकमेकांकडे आदराने पाहत असू. माझे गुडघे दुखत. पण व्याह्यांसमोर दार कसे लावावे?

या सवयीचे मूळ मला गेल्या वर्षी कळले. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले, आणि त्या बुधवारी ते डबा उघडून पंच्याच्या घड्याच घालत राहिले. मग म्हणाले, "विहीणबाई, एक फाइल राहिली आहे."

ती त्यांच्या आईची होती. त्या बाळकुममधल्या धवलारीण. त्यांच्यात लग्नाची हळद धवल्याशिवाय लागत नाही. धवलारीण तो धवला गाते आणि बाकीच्या बायका तिच्यामागून ओळ उचलतात. कधी काळी एका वाहिनीचे लोक येऊन त्यांचा धवला चित्रित करून गेले होते. साडेपाच ते सहा अशी प्रसारणाची वेळ कळवली होती. व्याह्यांनी साडेपाच ते सहा असेच यंत्र लावले, नोकरीत लावत तसे, मिनिटाला मिनिट. वाहिनीवर जाहिराती लांबल्या, कार्यक्रम उशिरा सुरू झाला, आणि यंत्र सहाला थांबले. त्या वेळी घरातले सगळे सोहळ्यासारखे टीव्हीपुढे बसले होते. शेवट काय होता ते कुणी ध्यानात ठेवले नाही, कारण तो यंत्रात उतरतो आहे असे प्रत्येकाला वाटत होते. पुढच्या वर्षी आई गेल्या.

"पण संगणक ही फाइल सव्वीस तासांची दाखवतो," ते म्हणाले.

ज्यांनी मला ती उलटी वजाबाकी शिकवली, तेच माझ्याकडे आशेने पाहत होते. शेकडो फाइलींची चित्रे त्यांनी मोजली होती. ही एक मोजली नव्हती. न मोजल्यामुळे त्या सव्वीस तासांत कुठेतरी धवल्याचा शेवट असू शकत होता. आता मुलीच्या हळदीला त्यांना तो आजीच्या आवाजात, पुरता लावायचा होता. अर्धा धवला लावणे त्यांच्यात बरे मानत नाहीत.

प्रोग्राम चालू केला. आकडा आला: पंचेचाळीस हजार. मी कागद पुढे ओढला. भागाकार इतका सोपा होता की लपवायला जागा नव्हती. अठराशे सेकंद. तीस मिनिटे, एक चित्र कमी नाही, एक जास्त नाही. आयुष्यात प्रथमच आपले उत्तर चुकावे असे मला वाटले. मी पुन्हा भागले.

"राहू द्या," ते म्हणाले. "चावी मीच बंद केली." आणि त्या दिवशी ते दारात न थांबता गेले.

हळदीच्या दिवशी, दुपारी सव्वाचारला, त्यांनी अंगणात स्पीकर लावला. आजूबाजूच्या उंच इमारतींच्या सावलीत त्यांचे कौलारू घर दुपारीच मावळते. अर्धा तर अर्धा, पण आईचाच आवाज, असे त्यांनी ठरवले होते. सवयीप्रमाणे त्यांनी मोबाइलमधले स्टॉपवॉच सुरू केले. मी मागच्या खुर्चीवर बसले. आवाज आला, खरखरीत, बिनघाईचा. नवरीच्या गालाला हळद लागली, हातांना लागली, आणि शब्दाच्या मध्यावर धवला तुटला.

"मेला काय तो डबा?" पुढे बसलेली एक म्हातारी स्पीकरकडे बोट करून म्हणाली.

"एवढाच आहे, मावशी," व्याही खाली मान घालून म्हणाले. "शेवट राहिला."

"शेवट मना ठावं हाय," दुसरी सरसावली.

"तुना काय ठावं? तू तवा परकरात व्हतीस."

"आन् तू काय नऊवारी नेसून जल्माला आलीस गो?"

दोघींनी दोन शेवट सांगितले. एकीचा दुसरीशी जुळेना. व्याही एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. वही असती तर त्यांनी दोन्ही लिहून घेतले असते. अखेर सर्वांत थोरली, जी इतका वेळ पान कुटत होती, तिने बत्ता खाली ठेवला.

"अरं पोरा," ती आमच्या सहासष्ट वर्षांच्या व्याह्यांना म्हणाली, "धवल्याला शेवट कुटं असतो? पोरीच्या आंगाला हलद लागतेय तवर धवला. पोर रडली, उशीर झाला, तर तुजी आय लांबवायची. दर लग्नात येगला."

"म्हणजे मग लांबी किती, मावशी?"

"हलदीएवडी!" ती म्हणाली, आणि नवरीकडे वळून तुटलेल्या शब्दापासून तिने धवला उचलला. भांडणाऱ्या दोघी तिच्यामागून गाऊ लागल्या. माझी मुलगी त्या घरची सून. तिलाही ओळी येत होत्या, हे मला माहीत नव्हते. नवरीचे पाय माखून झाले, पुन्हा माखले गेले. व्याही खांबाला टेकून उभे होते. हातातला मोबाइल त्यांनी एकदाही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले, जेवणे झाली, आणि संध्याकाळी पाठवणीची वेळ आली. मी गर्दीच्या कडेला, नेहमीसारखी, कुणाच्या वाटेत येऊ नये अशी उभी होते. व्याही शोधत शोधत माझ्याशेजारी आले आणि त्यांनी मोबाइल पुढे धरला. स्टॉपवॉच चालूच होते. काल बंद करायचे राहून गेले होते. मी चष्मा सावरला. पंचवीस तास एकोणसाठ मिनिटे.

आम्ही दोघे त्याकडे पाहत उभे राहिलो. समोर मुलगी एकेकीच्या गळ्यात पडत होती. आकडे फिरले. सव्वीस तास.

"संगणक अगदीच खोटं बोलत नव्हता," ते म्हणाले. त्यांचा अंगठा बटणावर होता. गाडीचे दार उघडले. मुलीने वळून त्यांना शोधले, आणि ते तिकडे निघाले. दोन पावलांवर थांबून त्यांनी तो मोबाइल, चालू तसाच, माझ्या हातात दिला.

"पुढे पाच मिनिटं जास्तीची राहू द्या, विहीणबाई."

गाडी गेल्यावरही मी तो धरून उभी होते. गुडघे दुखत होते. पाच मिनिटे केव्हाच उलटली होती, आणि मला ते बटण दाबवेना.