कुंकू लावलेली सळी

भूतबीत, करणी, नवस... माझा कशावरच विश्वास नाही. मी मेकॅनिकलचा माणूस, जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरी हे लिहितोय, कारण ही गोष्ट ऐकून बायको आधी पोटभर हसते आणि मग विचारते, "मग ती सळी का ठेवलीय?"

तेव्हा मी विश्रामबागला कॉलेजात होतो. मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्सचा पुढचा भाग — शिअर सेंटर, अनसिमेट्रिकल बेंडिंग वगैरे — लेखीत कसाबसा निघाला, पण प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत दोनदा गचकलो. सगळं येत असायचं, पण बाहेरचे परीक्षक समोर बसले की दातखिळी! तिसऱ्यांदा नापास म्हणजे वर्ष वाया.

खंडेनवमीला लॅबमध्ये सळ्या ताणून तोडायच्या मशीनची पूजा होती. लॅब सांभाळणारे तानाजीकाका कुंडलचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी कुंकवाचं ताट माझ्याकडे दिलं आणि मी घाईत मशीनच्या जबड्यात अडकवलेल्या सळीलाही बोट लावलं.

"आरं लेका, ती तोडायची सळी हाय," काका म्हणाले. "तिला कशाला पुजलीस? आता न्हाई तुटायची ती."

मी हसलो. सळी बाकीच्या सळ्यांत गेली.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या सळ्या पाच टनांच्या आसपास धाडकन तुटत होत्या. माझ्या वाट्याला आलेल्या सळीवर फिकट लाल ठिपका... पाच टन झाले, दहा, वीस. चाळीसवर मशीनची ताकद संपली, सळी जशीच्या तशी. परीक्षक सरांनी जबडे तपासले, दुसरी सळी लावली, ती पाचला तुटली. पुन्हा माझी लावली — चाळीस!

सरांनी चष्मा काढला. "तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं, हे मला दिसलं आणि माझी भीतीच गेली. सळी जबड्यात घसरली म्हणावं तर ओरखडे नाहीत. ताणून कडक झाली म्हणावं तर लांबी केसभरही वाढलेली नाही. मी कारणं मांडत होतो, खोडत होतो, सरही खडू घेऊन फळ्याशी आले. अर्धा तास आम्ही दोघं भांडलो. उत्तर मिळालं नाही, पण बॅचमध्ये सगळ्यात जास्त मार्क मला पडले. आयुष्यात पहिल्यांदाच!

काकांनी सळी कागदात गुंडाळून हातात दिली. "घरी ने गड्या. हितं ऱ्हायली तर एक दिवस मशीनच मोडंल."

आता साताऱ्याला टेस्टिंगमध्येच नोकरी करतो. आमचं मशीन शंभर टनांचं आहे. सळी तिथेच माझ्या ड्रॉवरमध्ये असते, दहा मिनिटांत सोक्षमोक्ष लागेल. पण दर खंडेनवमीला तिला कुंकू लावतो आणि ड्रॉवर बंद करतो.

बायकोला एवढंच सांगतो... उत्तर नव्हतं म्हणून तर मी पास झालो. आता ते शोधू कशाला?