गुडघा दुखतोय म्हणाली तेव्हा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या बाईंची कात्री चुकत नसे. बावीस वर्षं त्या एकाच खिडकीपाशी बसत होत्या. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत डोळ्यांनीच त्याचं माप घेऊन मोकळ्या व्हायच्या. म्हणूनच आपल्या बारा वर्षांच्या मुलीची नवी पँट एका बाजूने जमिनीवर लोळायला लागली तेव्हा त्यांना आधी रागच आला.

"नीट उभी राहा."

"नीटच उभी आहे."

त्यांनी पँट टेबलावर पसरून शिवणीवर शिवण ठेवली. दोन्ही पाय अगदी सारखे. मग मुलीला झोपवून टाचा जुळवल्या. उजवी टाच बोटभर वर होती आणि पाऊल बाहेर कलंडलेलं.

चार महिने पोरगी गुडघा दुखतोय म्हणत होती. खेळाच्या शिक्षिका म्हणाल्या, वजन कमी कर. जवळच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला, मलम मिळालं. मग तिच्या लंगडण्याला घरात 'नाटक' हा शब्द चिकटला. तो पहिल्यांदा आईच्याच तोंडून आला होता.

दुसऱ्या दिवशी त्या तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा गुडघा पोटाकडे दुमडायला घेतला, तर तो आपोआप बाहेरच्या अंगाला वळला. त्यांनी खुब्याचा एक्स-रे काढून घेतला, तो पाहिला आणि लगेच चाकांची खुर्ची मागवली.

"आता हिने पाय टेकायचा नाही. बाथरूमला जातानासुद्धा नाही."

"पण दुखतोय गुडघा," बाई म्हणाल्या.

"खुब्यातलं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो. वाढत्या वयात त्या दोन्हींमध्ये कूर्चेचा मऊ थर असतो, हाड तिथून वाढतं. हिचा गोळा त्या थरावरून घसरलाय. उद्या सकाळी एक स्क्रू घालून आहे तिथेच पक्का करू."

"परत जागेवर नाही बसवणार?"

"ओढाताण केली तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती. पाय थोडा आखूड राहील."

आखूड हा शब्द बाई दिवसातून दहादा वापरायच्या.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावी बाजू आज चांगली आहे, पण तीही पुढे घसरू शकते. तिथेही आत्ताच स्क्रू घालता येईल, नाहीतर दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. ठरवून सांगा."

नवरा बसचालक होता, तो ड्युटीवरून थेट आला. "धडधाकट पायाला हात लावायचा नाही," एवढंच म्हणून तो भिंतीला टेकला. शेवटी बाईंनी मुलीलाच विचारलं.

मुलगी छताकडे बघत होती. "उद्या मी डावा दुखतोय म्हटलं, तर लगेच खरं मानशील?"

"मानेन."

"तरी घालून टाका. मला परत कुणाला पटवत बसायचं नाही."

वडिलांनी मान खाली घातली आणि कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दोन्ही खुब्यांत एकेक स्क्रू बसला. काही आठवडे खुर्ची, मग कुबड्या. बाईंनी दुकानातलं शिलाई मशीन घरी आणून तिच्या खाटेशेजारी ठेवलं. एका दुपारी दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "मी तुला नाटकी म्हटलं होतं."

"चार वेळा," मुलगी म्हणाली. मग पाणी मागितलं.

वर्षभरात ती पायी शाळेत जायला लागली. उजव्या बुटात जाड तळ घातलाय; दमली की अजून थोडी लंगडते. हाडाची वाढ पुरी होईपर्यंत तपासणी चालू राहील. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाई हातात शिवण घेऊन बसत नाहीत. नुसत्या बसतात आणि ती बाहेर आली की तिला आधी विचारतात, "काय होतंय, सांग."

कधी ती सांगते, कधी नाही.