स्टीलचा डबा आणा

आमचे शेजारी काका दिसले की चाकूरच्या आमच्या गल्लीत लोक हातातली प्लास्टिकची पन्नी पाठीमागं लपवतात. स्वतः ते पोहे आणायलासुद्धा स्टीलचा डबा घेऊन जातात. हॉटेलवाला कुणाला पन्नीत गरम चहा बांधून देताना दिसला की तिथंच उभे राहतात.

"चहा न्हाई, जहर पिऊन राहिले तुम्ही. प्लास्टिक उतरतंय त्यात."

"हाव काका," म्हणत हॉटेलवाला पन्नीला गाठ मारतो.

यंदा त्यांच्याकडं लोणचं आणायला मी प्लास्टिकचा डबा नेला. त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. "मास्तर, आंबट-तेलकट वस्तू प्लास्टिक लई ओढून घेती. स्टीलचा आणा."

आणला. मग त्यांनी पलंगाखालून लोणच्याची बादली ओढली. भिंतीला द्यायचा रंग ज्यात येतो, तसली ती जुनी प्लास्टिकची बादली होती. काठावर अजून रंगाचे गुलाबी ठिपके होते.

मी बादलीकडं बोट दाखवलं.

"हिची काळजी करू नका," ते डाव भरत म्हणाले. "पंधरा वर्षं झाली हिला. जे उतरायचं ते कवाच उतरून गेलं."

मी त्यांच्या शेजारी सोळा वर्षं राहतोय. दरवर्षी लोणच्याचा पहिला डबा आमच्याच घरी येतो.