सगळे सारखे, आणि रिंकी

रिंकी माझी शेजारीण. तोंडाची फटकळ, कामाला पक्की. राईस मिलमध्ये होती तेव्हा तिथल्या मुनीमजीशी तिचं रोज वाजायचं. सुट्टी हवी असली की ती त्याच्यासमोर उभी राहायची, तो खेकसायचा, ही दुप्पट खेकसायची, आणि सुट्टी मिळायची.

मग आमच्या गावचा हेमेंद्र पुण्याहून परतला. जमीन बापाची, शेड बापाचं, डोक्यातलं वारं मात्र स्वतःचं. बिरसीच्या रस्त्यावर त्यानं पोह्यांची पाकिटं भरायची कंपनी काढली आणि जाहीर केलं, इथे कोणी साहेब नाही, कोणी मजूर नाही, सगळे सारखे. एकमेकांना नावानं हाक मारायची. सुट्टीसुद्धा मालक देणार नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, मागणाऱ्यानं प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं आणि प्रत्येकानं हो म्हणायचं. ऐकायला किती गोड! मालकी हवी, पण वाईटपणा नको, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आम्ही कधीही तयार असतो.

रिंकी मिल सोडून तिकडे गेली. तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ यादोराव, तोही तिथेच पोती उचलायला लागला. आता आमच्याकडे बाई जेठाचं नाव तोंडातून काढत नाही. त्याच्यासमोर पदर डोक्यावरून ढळू देत नाही. हे हेमेंद्रला ठाऊक नव्हतं थोडंच! त्याच्या आईनं जन्मात स्वतःच्या जेठाचं नाव घेतलेलं नाही.

चिचगडला रिंकीच्या एकुलत्या भावाचं लग्न निघालं. सगळे गोल बसले. तिनं शांतीबाईला विचारलं, नंदलालला विचारलं, बाकीच्यांना विचारलं. सगळे हो म्हणाले. यादोरावापाशी आली आणि अडली.

"नियम म्हणजे नियम," हेमेंद्र म्हणाला. "नाव घे आणि विचार."

यादोराव आपणहून हो म्हणू शकला असता. पण घरात त्याला कोणी विचारत नाही, इथे आयतं सिंहासन मिळालेलं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून तो खुशाल बसून राहिला.

"माय नाही त्या पोराले," रिंकी हेमेंद्रला म्हणाली. "मी नाही गेली तं हळद कोन लावन? तुमीच सांगा ना."

"मी कोण सांगणारा? मी तुमच्यातलाच एक."

त्याची मला इतकी चीड आली म्हणून सांगू! रिंकी यादोरावाला न विचारताच चिचगडला गेली, भावाला हळद लावली, मनसोक्त नाचली आणि परत आली. तिच्या जागी दुसरीच बाई पाकिटं भरत होती.

"कोनं काढलं मले?"

शांतीबाई म्हणाली, सगळ्यायनं ठरवलं. नंदलाल म्हणाला, मी एकटा काय करणार. हेमेंद्रनं तर घरात मयत झाल्यासारखं तोंड केलं. "मलाही वाईट वाटलं, रिंकी. पण इथे माझं एकट्याचं चालत नाही."

मिलमधला मुनीमजी शंभर पटीनं बरा. हाकलायचा तर तोंडावर हाकलायचा. या शहाण्यानं भांडायलासुद्धा माणूस ठेवला नव्हता.

रिंकीनं डोक्यावरचा पदर ओढला आणि कमरेला खोचला.

"यादोराव," ती म्हणाली, "तू बोलला का मले काढाले?"

यादोरावाचा खर्रा गालातच राहिला. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"शांतीबाई, तू बोलली? नंदलाल, तू?" एकेक मान खाली जात गेली. शेवटी ती वळली. "हेमेंद्र, तू बोलला का?"

हेमेंद्रचा चेहरा लालबुंद झाला. "ए, रीतीनं बोल! मालकासंग बोलून राहिली तू!"

"हां," रिंकी म्हणाली. "तं मंग तूनंच काढलं."